ऑल सेंट्स चर्च, केंब्रिज

इंग्लंडमधील केंब्रिज शहरात जीझस लेन या रस्त्यावर, जीझस कॉलेजच्या समोर उभे असलेले व्हिक्टोरियन काळातील पॅरिश चर्च, म्हणजे आसपासच्या वस्तीचे स्थानिक चर्च. वास्तुकार जॉर्ज फ्रेडरिक बॉडली. बांधकाम १८६३–६४, सुळक्याची पूर्तता १८७१. नियमित उपासना १९७३ मध्ये बंद झाली. आतल्या जवळजवळ प्रत्येक भिंतीवर आणि छतावर रंगकाम आहे. एकाच कल्पनेतून सजवलेले इतके सलग आणि न विस्कटलेले अंतरंग त्या काळातल्या फार थोड्या चर्चांमध्ये टिकले आहे.

याच नावाचे जुने मध्ययुगीन चर्च ट्रिनिटी कॉलेजच्या समोर होते. ते अपुरे पडू लागले, शिवाय रस्त्याच्या आड येत होते. जीझस कॉलेजने नवी जागा दिली आणि १८६५ मध्ये जुनी इमारत पाडण्यात आली. तिच्या जागेवर आज एक दगडी स्मारक-क्रूस आणि छोटी बाग आहे.

नव्या इमारतीचा आराखडा समजायला त्या काळचा एक वाद माहीत असावा लागतो. केंब्रिज कॅमडेन सोसायटी ही विद्यार्थ्यांनी काढलेली संस्था १८३९ पासून सांगत होती की चर्च म्हणजे प्रवचन ऐकायचे सभागृह नव्हे. वेदी उंचावर हवी, तिच्याकडे जाणारा चॅन्सेल, म्हणजे पाद्री आणि गायकांचा भाग, खोल आणि वेगळा हवा. श्रीमंतांनी भाड्याने घेतलेल्या दारबंद बाकांच्या खोल्या हव्यातच कशाला? पाहता पाहता ही मते इंग्लंडभर पसरली आणि वसाहतींतही पोहोचली. मुंबईत कुलाब्याचे अफगाण चर्च (१८५८) याच प्रवाहातले आहे; हेन्री कॉनीबेअरच्या त्या इमारतीतील सजावटीची रेखाटने वास्तुकार विल्यम बटरफील्डने इंग्लंडहून पुरवली होती.

बॉडलीने त्याआधीच्या चर्चांमध्ये फ्रान्स आणि इटलीच्या जाड, भारदस्त गॉथिक घाटाचा, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीचा, वापर केला होता. इथे मात्र त्याने आपला पहिला आराखडा बाजूला ठेवला आणि चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लिश गॉथिककडे वळला. वास्तुइतिहासकार हे चर्च त्याच्या कारकिर्दीचे वळण मानतात ते यामुळेच. बाहेरून इमारत साधी आहे: सभामंडप, दक्षिणेला रुंद पार्श्वमंडप, आणि मनोऱ्यावर सुमारे १७५ फुटांपर्यंत चढणारा निमुळता दगडी सुळका. त्याचा घाट डर्बीशरमधील ॲशबर्नच्या जुन्या चर्चवरून सुचला. रस्त्यावरून पाहणाऱ्याला आत काय आहे याचा पत्ताही लागत नाही, आणि दार उघडल्यावर जो धक्का बसतो त्याचे निम्मे श्रेय या साधेपणाला आहे.

आत गडद लाल, हिरवा आणि सोनेरी रंग. भिंतींवर डाळिंबे, फुलांच्या वेली, मुकुट आणि पवित्र नावांची अक्षरे स्टेन्सिलने, म्हणजे कापलेल्या साच्यातून, पुन्हा पुन्हा उमटवलेली आहेत. नक्षी बॉडलीची, तिचा बराचसा भाग प्रत्यक्ष रंगवला तो केंब्रिजचाच कारागीर फ्रेडरिक रिचर्ड लीच आणि त्याच्या कार्यशाळेतील माणसांनी. हे काम एका दमात झाले नाही. पैसे जमतील तसे ते कित्येक वर्षे चालले. तरीही जोड कुठे दिसत नाही. रेखाटणाऱ्याइतकेच श्रेय रंगवणाऱ्या हातांना द्यायला हवे, आणि व्हिक्टोरियन कलेच्या इतिहासात ते क्वचितच दिले जाते. चॅन्सेलच्या कमानीवर सिंहासनस्थ ख्रिस्ताचे मोठे चित्र आहे. ते चित्रकार विन्डम होप ह्यूजचे. व्याख्यानपीठ बॉडलीच्या रेखाटनाप्रमाणे घडवले असून त्याच्या फळ्यांवरील संतांची चित्रेही ह्यूजचीच आहेत.

वेदीमागची पूर्वेची खिडकी १८६६ ची, कलाकार-कारागीर विल्यम मॉरिसच्या सजावट कंपनीने बनवलेली. ही कंपनी १८६१ मध्ये सुरू झाली तेव्हा चर्चची कामे देऊन तिला आधार देणाऱ्यांत बॉडली अगदी पहिल्यांपैकी होता. खिडकीतील आकृत्या एडवर्ड बर्न-जोन्स व फोर्ड मॅडॉक्स ब्राऊन हे चित्रकार आणि खुद्द मॉरिस यांनी रेखाटल्या. आकृत्यांमागची काच फिकट, चंदेरी ठेवली आहे. भिंती इतक्या गडद असताना खिडकीही गडद केली असती तर सगळे काळवंडून गेले असते. प्रकाश नेमका वेदीपाशी पडावा हा त्यातला विचार आहे.

नंतरच्या खिडक्यांपैकी दोन भारतीय वाचकाने थांबून पाहाव्यात. एकीत कवी जॉर्ज हर्बर्ट यांच्यासोबत हेन्री मार्टिन आणि बिशप वेस्टकॉट आहेत. मार्टिन १८०६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे पाद्री म्हणून बंगालमध्ये आले, त्यांनी बायबलच्या नव्या कराराचे हिंदुस्तानी भाषांतर केले आणि १८११ मध्ये मुंबईमार्गे इराणकडे गेले. वेस्टकॉट यांचा हात ज्या केंब्रिज मिशनच्या उभारणीत होता, त्या मिशनने १८८१ मध्ये दिल्लीत सेंट स्टीफन्स कॉलेज काढले. दुसरी खिडकी डग्लस स्ट्रॅचन यांची, १९४४ ची. तिच्यात तुरुंग-सुधारक एलिझाबेथ फ्राय, परिचारिका ईडिथ कॅव्हेल यांच्याबरोबर समाजसुधारक जोसेफिन बटलर आहेत. भारतातील लष्करी छावण्यांमध्ये वेश्यांवर लादलेल्या सक्तीच्या तपासणीविरुद्ध बटलर यांनी इंग्लंडमध्ये आवाज उठवला होता.

विसाव्या शतकात शहराच्या मध्यभागातली वस्ती घटत गेली, आसपास जुनी चर्चे भरपूर होती, आणि पॅरिशला एवढी इमारत सांभाळणे झेपेना. बंद पडलेल्या चर्चचे पुढे काय होते, याची उत्तरे इंग्लंडमध्ये अनेक आहेत. मँचेस्टरमधील सेंट बेनेडिक्ट्स या व्हिक्टोरियन चर्चमध्ये आज गिर्यारोहणाच्या सरावाच्या भिंती आहेत. तिथे निदान इमारत वाचली, आणि ते चांगलेच झाले. पण ऑल सेंट्सला ती वाट चालली नसती. बाके आणि व्याख्यानपीठ उचलून दुसरीकडे नेता येते. प्लॅस्टरवरची नक्षी भिंतीपासून वेगळी होत नाही, आणि मजले टाकून खोल्या पाडल्या की ती संपलीच.

१९८१ मध्ये चर्च सध्याच्या चर्चेस कन्झर्व्हेशन ट्रस्टच्या पूर्वसुरी संस्थेकडे सोपवण्यात आले. हा ट्रस्ट वापरातून गेलेली साडेतीनशेहून अधिक चर्चे सांभाळतो. वास्तूला वारसा इमारतींच्या यादीत सर्वोच्च, म्हणजे पहिली श्रेणी आहे. रंगकामाचा खरा शत्रू ओल आहे. छपराची एखादी फट किंवा तुंबलेली पन्हळ पुरते: पाणी भिंतीत मुरते, त्याबरोबर क्षार पृष्ठभागावर येतात आणि रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. त्यामुळे इथे चित्रांच्या जतनाचे काम बऱ्याच अंशी छपरावर आणि पन्हळींमध्येच करावे लागते.