टेस्ट जनरेट करणं आणि टेस्टसाठी कोड जनरेट करणं

टेस्टच्या संदर्भात कोड जनरेशन म्हटलं की दोन वेगळी कामं एकाच नावाखाली येतात. पहिल्यात साधनाला तयार कोड दाखवायचा आणि टेस्टच मागायची. इनपुट कोणतं आणि उत्तर काय यायला हवं, दोन्ही तेच ठरवतं. दुसऱ्यात टेस्ट माणूस लिहितो. यंत्राकडून घ्यायचा तो भोवतालचा कंटाळवाणा कोड: बिल्डर (नमुन्याचे ऑब्जेक्ट बनवणारा), मॉक (खऱ्या भागाच्या जागी लावायची नक्कल), एपीआय क्लायंट (सर्व्हरशी बोलणारा), पेज ऑब्जेक्ट (वेबपानावरच्या क्रिया एका जागी ठेवणारा). दोन्हीकडे शेवटी जनरेटेड फाइल्सचं एक फोल्डर आणि हिरवा (सगळ्या टेस्ट पास झालेला) बिल्ड दिसतो, म्हणून गल्लत होते. फरक एवढाच विचारला की कळतो: अपेक्षित उत्तर कुठून आलं?

एक नियम घेऊ. पासवर्ड किमान ८ अक्षरांचा हवा. कोड लिहिणाऱ्याने ‘८ किंवा जास्त’ऐवजी ‘८ पेक्षा जास्त’ अशी तुलना लिहिली. आता जावामधल्या एव्होस्वीट किंवा रॅंडूपसारख्या साधनाला हा क्लास दिला, तर ते फंक्शन वेगवेगळ्या इनपुटवर चालवून बघतं, जे उत्तर मिळेल ते टिपतं आणि त्याचंच असर्शन (‘हेच उत्तर यायला हवं’ ही तपासणी) करतं. ८ अक्षरांवर कोड ‘नाही’ म्हणाला, म्हणून टेस्टही म्हणते ‘नाही’ यायला हवं. टेस्ट पास. कव्हरेज, म्हणजे टेस्टमध्ये चालून गेलेला कोड, १०० टक्के. बग मात्र आता कायद्यासारखा लिहून ठेवला गेला, आणि उद्या कुणी तो दुरुस्त केला तर लाल होईल ती दुरुस्ती. (कोड कोसळला किंवा दोन ऑब्जेक्ट सारखे आहेत का हे सांगणाऱ्या इक्वल्ससारख्या सर्वमान्य कराराचा भंग झाला, तर रॅंडूप ते वेगळं दाखवतं. पण ८ की ९ हा व्यवसायाचा नियम त्याला कळायचा मार्गच नाही.)

म्युटेशन टेस्टिंग, म्हणजे कोडमध्ये मुद्दाम बदल करून टेस्ट ते पकडतात का हे बघणं, लावलं तर हे उघडं पडेल, असं वाटतं. पडत नाही. पीआयटीसारखं साधन तुलनेच्या चिन्हांत मुद्दाम बदल करतं. ‘पेक्षा जास्त’चं ‘किंवा जास्त’ हा त्याचा नेहमीचा बदल. आपल्या उदाहरणात हा बदललेला कोडच खरा बरोबर कोड आहे! आणि जनरेट केलेली टेस्ट त्यालाच पकडून ‘मारते’, वर गुणही मिळवते. टेस्ट कोडला किती घट्ट चिकटल्या आहेत, एवढंच म्युटेशन स्कोअर सांगतो. कोड नियमाला धरून आहे का, हे तो सांगत नाही.

मग पहिला प्रकार वापरायचाच नाही का? वापरायचा, पण एका ठरावीक कामासाठी. जुना, कुणाला नीट न कळणारा कोड असेल, त्याची रचना बदलायची असेल आणि वागणं जसंच्या तसं ठेवायचं असेल, तेव्हा ‘आज जे होतंय ते उद्याही व्हावं’ हीच अपेक्षा असते आणि ती कोडमधूनच येते. अशा टेस्ट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, त्यांना वेगळा टॅग द्या आणि रचना बदलून झाली की काढून टाका. ‘टेस्ट०७’ अशा नावाच्या टेस्ट वर्षभर राहिल्या की त्या कशासाठी आहेत हे कुणालाच सांगता येत नाही. लाल झाल्या की लोक डोळे झाकून पुन्हा जनरेट करतात. आधी साठवलेल्या आउटपुटशी आजचा आउटपुट ताडणाऱ्या स्नॅपशॉट टेस्टचंही हेच होतं. जेस्ट या जावास्क्रिप्टच्या टेस्ट साधनात अपडेटचा पर्याय देऊन सगळे स्नॅपशॉट एका फटक्यात नवे करता येतात, आणि रिव्ह्यूमध्ये दोन हजार ओळींचा फरक कोण वाचतं?

आता दुसरा प्रकार. खरी बचत इथे आहे, आणि खरे खड्डेही.

ऑर्डर नावाच्या ऑब्जेक्टमध्ये १४ फील्ड्स आहेत आणि टेस्टला त्यांतल्या एकाशीच मतलब आहे. हाताने लिहिलं तर प्रत्येक टेस्टमध्ये १४ ओळींची भरताड होते, आणि कुणी पंधरावं सक्तीचं फील्ड घातलं की त्या सगळ्या टेस्ट कंपाइल होईनाशा होतात. क्लासच्या व्याख्येवरून बिल्डर जनरेट केला, तर टेस्टमध्ये फक्त महत्त्वाचं फील्ड दिसतं, आणि नवं फील्ड आलं की एक कमांड चालवून काम भागतं. इंटरफेसवरून मॉक बनवणंही याच जातीचं. गो या भाषेत त्यासाठी मॉकजेन आहे आणि असे जनरेटर चालवायला भाषेसोबतच ‘गो जनरेट’ ही कमांड येते. गोटेस्ट्स हे साधन फंक्शनच्या सहीवरून (नाव, इनपुट आणि उत्तराचे प्रकार) तक्त्याच्या रूपातला टेस्टचा सांगाडा काढून देतं आणि ओळींच्या जागी ‘टूडू’ (इथे भरायचं आहे) सोडतं. ती रिकामी जागा हा त्याचा गुण आहे. उत्तर तुम्हीच भरायचं.

बिल्डरमध्ये सर्वात जास्त घात करतात ती डीफॉल्ट मूल्यं. जनरेटर सोपेपणासाठी सगळीकडे शून्य आणि रिकामी स्ट्रिंग घालतो. मग नाव आणि आडनाव कोडमध्ये उलटसुलट झाले तरी टेस्ट पासच, कारण दोन्ही रिकामेच. प्रत्येक फील्डला वेगळं आणि ओळखू येणारं मूल्य द्या: स्ट्रिंगमध्ये फील्डचंच नाव, आकड्यांना १०१, १०२, १०३ असे वेगवेगळे. याच्या उलट टोकाला जाऊन दर वेळी रॅंडम मूल्य घातलंत, तर टेस्ट कधी पास कधी फेल होते. रॅंडम हवंच असेल तर सीड (रॅंडम मूल्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) निश्चित करा आणि फेल झाल्यावर तो छापा. तारखेच्या फील्डला ‘आत्ता’ हे डीफॉल्ट कधीही देऊ नका. महिनाअखेरीला किंवा मध्यरात्री टेस्ट फुटतील आणि सकाळी पुन्हा चालवल्यावर पास होतील. आणखी एक पथ्य: टेस्टचा निकाल ज्या मूल्यावर ठरतो ते डीफॉल्टवर सोडू नका, टेस्टमध्येच लिहा. नाहीतर कुणी डीफॉल्ट बदलला की असंबद्ध दिसणाऱ्या ३० टेस्ट एकदम लाल होतात.

जनरेटर स्वतः लिहिणार असाल तर त्याचा आउटपुट दर वेळी अक्षरशः सारखा यायला हवा. तो तसा न येण्याची कारणं ठरलेली असतात: फाइलच्या डोक्यावर छापलेली वेळ, प्रत्येकाच्या मशीनवर जनरेटरची वेगळी आवृत्ती आणि मॅपमधून (नाव-मूल्य जोड्यांच्या संग्रहातून) फिरताना बदलणारा क्रम. गोमध्ये तर मॅपचा क्रम मुद्दामच अनिश्चित ठेवलेला आहे. म्हणून नावं आधी सॉर्ट करा, वेळ छापू नका, आवृत्ती पक्की बांधा. मग सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणाऱ्या बिल्डमध्ये) एक पायरी घालता येते: सगळं पुन्हा जनरेट करायचं आणि गिटला (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाला) काही फरक दिसला तर बिल्ड पाडायचा. जनरेटेड फाइल हाताने सुधारलेली असो किंवा जनरेट करायचं राहून गेलेलं असो, दोन्ही इथेच पकडलं जातं. फाइलच्या सुरुवातीला ‘कोड जनरेटेड … डू नॉट एडिट’ ही ओळ हवीच. गोची साधनं ती ओळखतात, इतर भाषांत ती निदान माणसाला अडवते. या फाइल्स रेपॉझिटरीत ठेवायच्या की बिल्डच्या वेळी बनवायच्या, यावर वाद घालत बसू नका. जनरेटर सगळ्यांच्या मशीनवर सहज चालत असेल तर बनवा, नसेल तर ठेवा.

जनरेटर लिहायच्या आधी एक शंका स्वतःला विचारावी: फक्त डेटा बदलतोय का? तसं असेल तर जनरेशनची गरजच नाही. जेयुनिट ५ या जावाच्या साधनातली पॅरामीटराइज्ड टेस्ट (एकच टेस्ट वेगवेगळ्या डेटावर चालवणारी) किंवा साधा तक्ता पुरतो. एकाच फंक्शनच्या ४० टेस्ट जनरेट करणं म्हणजे ४० ओळींच्या तक्त्याची ८०० ओळींची प्रत. टाइप बदलतात किंवा मूळ व्याख्या वारंवार बदलते, तिथेच जनरेटरचा खर्च वसूल होतो.

आणि मग अशी जागा येते, जिथे दुसरा प्रकार नकळत पहिला होऊन बसतो. ओपनएपीआय स्पेसिफिकेशनवरून (एपीआयचं ठरावीक स्वरूपातलं लेखी वर्णन) क्लायंट जनरेट करून टेस्ट लिहिल्या, हे ठीक. पण ते स्पेसिफिकेशन सर्व्हरच्या कोडमधूनच दर बिल्डला जनरेट होत असेल तर? कुणी चुकून फील्डचं नाव बदललं, स्पेसिफिकेशन बदललं, क्लायंट बदलला. डायनॅमिक भाषेत (जिथे कंपाइलर नावं आधी तपासत नाही) किंवा त्या फील्डला थेट हात न लावणाऱ्या टेस्टमध्ये सगळं हिरवंच राहतं. बाहेरचे वापरणारे मात्र कोसळतात. उपाय असा की, प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीचं स्पेसिफिकेशन रेपॉझिटरीत गोठवून ठेवायचं आणि टेस्टचा क्लायंट त्यावरूनच बनवायचा. तसंच, जनरेटरच्या टेम्पलेटमध्ये अपेक्षित उत्तर काढायला मूळ फंक्शनच बोलावलं किंवा त्याचं सूत्र पुन्हा लिहिलं, तर तीही हीच चूक.

ब्राउझर चालवून टेस्ट करणाऱ्या प्लेराइटच्या कोडजेनसारखे रेकॉर्डर मधे कुठेतरी बसतात. क्लिक आणि टायपिंगचा कोड ते लिहितात, पण मजकूर दिसायला हवा की नाही, हे असर्शनचं बटण दाबून माणूस सांगतो. ते बटण न दाबता नुसत्या पायऱ्या रेकॉर्ड केल्या, तर टेस्ट एवढंच सिद्ध करते की बटणं दाबता आली. भाषा मॉडेलकडून टेस्ट लिहून घेताना सगळं मागण्यावर अवलंबून असतं. फंक्शनचा कोड देऊन ‘याच्या टेस्ट लिही’ म्हटलं की पासवर्डचं ८ अक्षरांचं उदाहरण चुकीच्या उत्तरासह परत मिळण्याचा धोका खराच. फंक्शनची फक्त सही आणि नियमाचा मजकूर दिला, कोड दाखवलाच नाही, तर उत्तरं नियमातून येतात. मग तक्त्याची एकेक ओळ नियमाशी ताडून बघा. सीमेवरच्या ७, ८ आणि ९ या ओळी आधी.

हाती आलेली टेस्ट कोणत्या प्रकारची, हे ओळखायला पाचेक मिनिटं पुरतात. कोडमधला एखादा नियम मुद्दाम मोडा, जे जनरेट होतं ते सगळं पुन्हा जनरेट करा आणि टेस्ट चालवा. हिरव्या झाल्या तर अपेक्षित उत्तर कोडमधून येत होतं. लाल राहिल्या तर ते बाहेरून येत होतं. मात्र पुन्हा जनरेट करण्याच्या आधीही टेस्ट हिरव्याच असतील, तर त्या नियमाची टेस्टच नाही.