सोशिओथेरपी (रवांडा)
युद्ध, नरसंहार आणि विस्थापन सोसलेल्या माणसांनी आपल्याच गावात, शेजाऱ्यापाजाऱ्यांसोबत बसून सावरण्याची पद्धत. रवांडात ती ‘म्वुरा न्कुवुरे’ या नावाने ओळखली जाते. गटांत पुरुषही असतात. पण विधवा, बलात्कार सोसलेल्या स्त्रिया आणि कैद्यांच्या बायका यांना तिचा आधार विशेष वाटतो.

२००५ मध्ये उत्तरेकडील ब्युंबा येथे अँग्लिकन या ख्रिस्ती पंथाच्या धर्मप्रांताने हे काम सुरू केले. नेदरलँड्समध्ये निर्वासितांवरील उपचारांत रुळलेली पद्धत येथे खेड्यांतल्या जगण्याशी जुळवून घेतली गेली. १९९० पासूनच्या युद्धात हा प्रदेश होरपळला होता, गावेच्या गावे छावण्यांत गेली होती. १९९४ मध्ये तुत्सी या अल्पसंख्य समाजाचा नरसंहार झाला. विधवांनी १९९५ मध्येच ‘आवेगा’ ही संघटना उभारली. पण मनोविकारतज्ज्ञ मोजकेच आणि दुखावलेली माणसे लाखांनी. त्यात २००५ पासून गाचाचा, म्हणजे नरसंहाराच्या गुन्ह्यांचा निवाडा करणारी गावपातळीवरची लोकन्यायालये, देशभर भरू लागली आणि शेजाऱ्यांनाच शेजाऱ्यांविरुद्ध साक्ष द्यावी लागली.

दहा ते पंधरा जणांचा गट आठवड्यातून एकदा, सुमारे तीन तास, असा पंधरा आठवडे भरतो. गट चालवणारे दोघे त्याच परिसरातले, प्रशिक्षण घेतलेले. ते डॉक्टर नसतात. ज्या बाईचा नवरा मारला गेला ती आणि जिचा नवरा नरसंहारातल्या गुन्ह्यांसाठी तुरुंगात आहे ती, दोघी एकाच गटात असू शकतात. बैठकीत खेळ असतात, बाहेर काय बोलायचे नाही याचे नियम गटच ठरवतो.

टप्पे सहा: सुरक्षितता, विश्वास, काळजी, आदर, नवी दिशा आणि शेवटी स्मृती. या पद्धतीचे खरे शहाणपण या क्रमात आहे. बलात्काराची हकीकत पहिल्याच दिवशी कोणी विचारत नाही. शेवटपर्यंत न सांगणारीलाही गटात तितकाच मान. सोबत बसणाऱ्यांची भीती आधी ओसरावी लागते. एरवी एकटीने दार लावून बसणारी बाई दुसरीच्या आजारपणात धावून जाऊ लागते, आणि पंधरा आठवडे संपल्यावरही अनेक गट बचतीसाठी किंवा शेतीसाठी एकत्र राहतात.

तीव्र मनोविकाराला डॉक्टर आणि औषधेच लागतात. भरपाई, घर आणि एचआयव्हीवरील उपचार ही जबाबदारी शासनाचीच. शेजाऱ्यांच्या चांगुलपणावर ती ढकलणे अन्यायाचे ठरेल. पुढे रवांडा आणि युगांडातील काँगोली निर्वासितांसाठीही ही पद्धत जुळवून घेण्यात आली.