रिंगची वाट वेगळी, आवाजाची वेगळी

इंटरनेटवरून फोन लावल्यावर आपल्या कानाशी वाजणारी रिंग पलीकडच्या फोनमधून आलेली नसते. बहुतेक वेळा ती आपलाच फोन वाजवत असतो. पलीकडून येतो तो फक्त 'येथे घंटी वाजते आहे' एवढा लेखी निरोप. असे निरोप कोणी, कोणाला आणि कोणत्या क्रमाने धाडायचे याच्या नियमांना सिग्नलिंग प्रोटोकॉल म्हणतात. त्यांतला सर्वांत रुळलेला म्हणजे सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल, अर्थात सिप. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला आणि २००२ साली त्याची सुधारित आवृत्ती आली. ४जी मोबाइलवरचा व्होल्टी कॉलही सिपनेच जुळतो, त्यामुळे 'आपण साधाच फोन वापरतो' असे मानणारेही रोज त्याच्याच भरवशावर बोलत असतात.

फोन सुरू होताच आपला सध्याचा आयपी पत्ता रजिस्ट्रार नावाच्या सर्व्हरकडे नोंदवतो. कॉल करणाऱ्याचे 'इन्व्हाइट', म्हणजे आमंत्रण, या नोंदीच्या आधारे योग्य फोनपर्यंत पोहोचते. उत्तरे वेबसारखीच आकड्यांत येतात: १८० म्हणजे घंटी वाजते आहे, ४८६ म्हणजे माणूस दुसऱ्या कॉलवर आहे, ४०४ म्हणजे असा कोणी येथे नाही, आणि फोन उचलला की २००. त्यावर कॉल करणाऱ्याने 'अ‍ॅक' ही पोच धाडली की जुळणी पूर्ण होते.

खरी मेख आमंत्रणाच्या पोटात असते. 'माझ्यासाठीचा आवाज या पत्त्यावर, या पोर्टवर पाठवा, मला अमुक कोडेक (आवाज आकड्यांत बांधण्याच्या पद्धती) समजतात' असा तपशील त्यात लिहिलेला असतो, आणि नंतरचा आवाज सिपमधून न जाता आरटीपी या दुसऱ्याच प्रोटोकॉलने जातो, पुष्कळदा सर्व्हरला वळसा घालून. घरच्या राउटरमागे बसलेल्या फोनने तेथे १९२.१६८ ने सुरू होणारा आपला खासगी पत्ता लिहिला, तर घंटी व्यवस्थित वाजते, फोन उचललाही जातो, पण त्याच्याकडे येणारा आवाज बाहेरच्या जगात अस्तित्वात नसलेल्या पत्त्याकडे निघतो आणि वाटेतच हरवतो. म्हणूनच फोन आधी स्टन सर्व्हरला 'मी बाहेरून कोणत्या पत्त्यावर दिसतो?' असे विचारून घेतो. तेवढ्याने भागले नाही, तर टर्न सर्व्हर मध्ये बसून आवाज पोहोचवतो.

लेखी संदेशांसाठी सिपमध्ये 'मेसेज' ही विनंतीही आहे. तिला जुळणी लागत नाही, कारण मजकूर निरोपातूनच जातो.

मी पूर्वी काम करत असलेल्या एका कार्यालयात बाहेरून येणारा प्रत्येक कॉल अर्ध्या मिनिटात तुटत असे, आणि तोवरचे बोलणे मात्र स्वच्छ ऐकू येई. आम्ही इंटरनेटच्या वेगाला दोष देत राहिलो. प्रत्यक्षात आमचे '२००' पलीकडे पोहोचत होते, पण पोच चुकीच्या पत्त्यावर जात होती. पोच न मिळालेला फोन तेच उत्तर अर्ध्या सेकंदाने, मग एका, दोन आणि पुढे दर चार सेकंदांनी पुन्हा पाठवतो आणि नियमानुसार ३२ सेकंदांनी आशा सोडून कॉल बंद करतो. आवाजाची वाट निराळी असल्याने संभाषणाला याचा पत्ताही नसतो. राउटर मदत म्हणून निरोपांतले पत्ते परस्पर बदलत होता. त्यातली 'सिप एएलजी' नावाची ती सोय बंद केल्यावर कॉल तुटायचे थांबले.