१४४ खिडक्यांचा पडदा

बर्लिनच्या अलेक्झांडरप्लाट्झ चौकातील 'हाउस देस लेरर्स', म्हणजे शिक्षक भवन, २००१ साली नूतनीकरणाची वाट पाहत रिकामे उभे होते. 'केऑस कॉम्प्युटर क्लब' या संगणकप्रेमींच्या संस्थेने आपल्या विसाव्या वर्धापनदिनानिमित्त या इमारतीचे वरचे आठ मजले निवडले, प्रत्येक मजल्यावरील १८ खिडक्यांमागे एकेक दिवा बसवला आणि १४४ ठिपक्यांचा पडदा उभा केला. 'ब्लिंकनलाइट्स' नावाचा हा प्रयोग सप्टेंबर २००१ पासून फेब्रुवारी २००२ पर्यंत चालला.

यातली खरी करामत साध्या पांढऱ्या रंगाची होती. मोकळ्या काचेतून दिव्याचा केवळ एक झगझगीत बिंदू दिसला असता. काचेला रंग फासल्यामुळे प्रकाश विखुरला आणि संपूर्ण खिडकी एकसारखी उजळू लागली.

चौकातील कोणीही एका क्रमांकावर मोबाईलवरून फोन लावून या भिंतीवर 'पाँग' हा, टेबल टेनिससारखा बॅटने चेंडू परतवण्याचा जुना व्हिडिओ गेम खेळू शकत असे. कीपॅडवरील कळ दाबली की ठरावीक वारंवारतांचे दोन स्वर एकाच वेळी निघतात. ५ या आकड्यासाठी ते ७७० आणि १३३६ हर्ट्झचे असतात. (मोबाईलच्या बाबतीत हे स्वर फोन स्वतः काढत नाही, त्याच्या वतीने नेटवर्क काढते.) 'मराठीसाठी एक दाबा' असे सांगणाऱ्या सेवा ज्या स्वरांवरून आपली निवड ओळखतात, त्याच स्वरांवरून संगणक खेळाडूची बॅट सरकवत असे.

इतक्या थोड्या ठिपक्यांत चित्र ओळखू येते, याचे बरेचसे श्रेय हालचालीला द्यावे लागेल. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवले की, अंधारात माणसाच्या सांध्यांवरचे डझनभर प्रकाशबिंदू स्थिर असताना निरर्थक वाटतात, पण तो चालू लागताच पाहणाऱ्याला क्षणार्धात माणूस दिसतो. मेंदू एकत्र हलणाऱ्या बिंदूंची सांगड घालतो.

याच चमूने २००२ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या मनोऱ्यावर ५२० खिडक्या उजळल्या आणि प्रत्येकीला तेजस्वितेच्या आठ पायऱ्या दिल्या; २००८ मध्ये टोरांटोच्या नगर सभागृहात हा आकडा ९६० वर गेला. तपशील वाढला हे खरे, पण 'पाँग'ला त्याची फारशी गरज नव्हती. चेंडूसाठी एक खिडकी पुरेशी असते.