पंढरपूरचे पदस्पर्श दर्शन : वज्रलेपामागचा जुना वाद

पंढरपुरात विठ्ठलाच्या पायांचा स्पर्श, म्हणजे पदस्पर्श, बंद झाला की दुरून घ्यायचे मुखदर्शन चालू असूनही वारकऱ्याचे समाधान होत नाही. कटेवर हात, गळ्यात तुळशीमाळ, कानी मकरकुंडले हे रूप त्याला अभंगांतून पाठच असते. पायी चालत येण्याचे सार्थक मात्र विटेवरच्या पायांवर डोके टेकले की होते.

स्पर्शाची ही ओढ जुनी आहे. मंदिरातला १२७३ ते १२७७ या काळातला शिलालेख म्हणजे खरे तर देणग्यांची नोंद. पण चौऱ्यांशीचा फेरा चुकावा म्हणून भाविकांनी त्या शिळेला पिढ्यान्‌पिढ्या पाठ घासली आणि अक्षरे झिजली.

हा स्पर्श सर्वांना मिळत नव्हता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे, ती का, हे सांगायला नको. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केले, तेव्हा दार अस्पृश्यांसाठी उघडले. त्यावर काही सनातन्यांनी देवाचे तेज घागरीत काढून घेतल्याचे जाहीर केले. वारी मात्र त्याच मूर्तीकडे येत राहिली. पुढे १९७३ च्या कायद्याने पुजाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क काढले, पण खटले चालत राहिले आणि सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय २०१४ मध्ये आला.

आजचा वाद झिजेचा आहे. पाय झिजत असल्याचे पुरातत्त्व खात्याच्या पाहण्यांत दिसले आणि १९८८ पासून अनेकदा वज्रलेप, म्हणजे झीज रोखणारा रासायनिक लेप, करावा लागला. २०२० मध्ये साथीमुळे मंदिर बंद असताना तो पुन्हा झाला. मंदिर उघडल्यावरही पदस्पर्श थांबलेलाच होता. तो २०२२ च्या गुढीपाडव्याला सुरू झाला. २०२४ मध्ये गाभाऱ्याच्या जतनाच्या कामासाठी मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पुन्हा बंदी आली. दर वेळी एकच प्रश्न निघतो : स्पर्श कायमचा का थांबवू नये?

मूर्ती टिकली पाहिजे, यात दुमत नाही. पण झिजेचा ठपका रांगेतल्या माणसाच्या कपाळावर ठेवणे अन्यायाचे आहे. दही, मध, साखरेचे अभिषेक वर्षानुवर्षे याच दगडावर झाले आणि ते रांगेत तासन्‌तास उभे राहणाऱ्याने केलेले नाहीत. आधी अभिषेकांना आवर, मग लेप, आणि स्पर्शावर बंदी आलीच तर सर्वांत शेवटी, हा क्रम वारकऱ्याला मान्य होईल.

देवाला विश्रांती देण्याची रीत परंपरेतही आहेच. आषाढी-कार्तिकीला देवाचा झोपण्याचा पलंग काढून ठेवतात, रात्री झोपवण्याची शेजारती थांबते, पाठीशी लोड ठेवतात आणि अहोरात्र दर्शन चालते. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते. त्या दिवशी पायांना लिंबू-साखर चोळतात, शिणवटा जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवतात, मग पलंग परत येतो आणि नित्योपचार सुरू होतात. देव भक्तांसाठी शिणतो, हे या उपचारांत गृहीतच आहे. म्हणून जतनासाठी काही दिवस पाय झाकले तर वारकरी समजून घेतो. मात्र किती दिवस आणि कशासाठी, हे त्याला आधी सांगायला हवे. अलीकडे टोकन दर्शनाच्या चाचण्या झाल्या आहेत. त्यातून रांगेतले तास कमी होतील, पायांबद्दलचा निर्णय वेगळाच घ्यावा लागेल.