पेवातला कंदील आणि जहाजाची टाकी

मंगळवेढ्याला माझ्या आजोळी वाड्याच्या अंगणात ज्वारीचं पेव होतं. तोंडाशी अरुंद, पोटात फुगलेला, जमिनीत खोल खणलेला खड्डा. आतून कडब्याचं अस्तर, वर फरशी आणि फरशीवर मातीचा जाड लेप. पेव उघडायच्या दिवशी आम्हा पोरांना ओट्यावरून खाली उतरायची बंदी असे. फरशी सरकली की आतून उबदार, आंबूस वास यायचा. आजोबा तोंड एक दिवस तसंच उघडं ठेवत. दुसऱ्या दिवशी दोरीला कंदील बांधून तो हळूहळू खाली सोडत. ज्योत टिकली तर गडी उतरायचा. ती मिणमिणत विझली, तर त्या दिवशी कुणीच उतरायचं नाही. आजी म्हणायची, "पेवात काहीतरी बसलेलं असतंय. ते निघून गेल्याबिगर पाय टाकू नये."

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. तो मालवाहू जहाजावर चौथा इंजिनिअर आहे. गेल्या दिवाळीत सुट्टीवर घरी आला, तेव्हा आपल्याकडे सगळेच विचारतात तो प्रश्न मीही विचारला: समुद्रावर सगळ्यात अवघड काय असतं रे? वादळ? लाटा? तो म्हणाला, "मामा, लाटांची सवय होते. टाकीत उतरायचं म्हटलं की मात्र अजून पोटात गोळा येतो."

आमच्या सोलापूरपासून कोकणचा किनारा सरळ रेषेतही अडीचशे किलोमीटरच्या पुढे. तरी समुद्राशी आपलं नातं जुनं आहे. १८८२ साली याच शहरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी सिंधिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी उभी केली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांचं 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. तो दिवस आज देशभर राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. जहाजं बांधणाऱ्यांची, ती विकत घेणाऱ्यांची नावं आपण लक्षात ठेवतो. त्यांच्या पोटात उतरणाऱ्यांचं काम कसं असतं, हे मात्र किनाऱ्यावरच्या लोकांनाही फारसं माहीत नसतं. मी गेलं वर्षभर त्यावर वाचतो आहे, भाच्याला आणि त्याच्या मित्रांना विचारतो आहे. माझं मत असं झालंय की समुद्रावरची सर्वांत कठीण कामं पाण्याशी झुंजण्याची नसतात, ती हवेशी झुंजण्याची असतात.

आधी पेवाचं विज्ञान पाहू. ज्वारीचा दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो. बंद पेवात तो ऑक्सिजन वापरत राहतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. काही आठवड्यांत आतली हवा इतकी बदलते की पोरकिडे जगू शकत नाहीत. पेवातलं धान्य वर्षानुवर्षं टिकतं ते याच कारणाने. आजीचं 'बसलेलं काहीतरी' म्हणजे हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचलेला हा कार्बन डायऑक्साइड. आपल्या नेहमीच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो साधारण १६-१७ टक्क्यांवर आला की कंदिलाची ज्योत विझते. माणूस त्या हवेत अजून शुद्धीवर असतो, म्हणून कंदील वेळेआधी सावध करायचा.

धान्य, लाकडाचे ओंडके, कोळसा किंवा भंगार लोखंड भरलेलं जहाजाचं होल्ड, म्हणजे माल भरायची कोठी, हे एक अवाढव्य पेवच. पण टाकीतला धोका त्याहून लबाड आहे, कारण तिथे मालही नसतो. जहाजाचा तोल राखायला समुद्राचं पाणी भरतात ती टाकी, आता रिकामी, बंद, पोलादी. भिंतींना समुद्राच्या पाण्याची ओल. पोलाद गंजतं आणि गंज म्हणजे लोखंडाने हवेतला ऑक्सिजन खाणं. मी हिशोब मांडून पाहिला. एक किलो लोखंड पूर्ण गंजलं, तर सुमारे दीड घनमीटर हवेतला सगळा ऑक्सिजन संपतो. ५० घनमीटरच्या टाकीत सोळा-सतरा किलो लोखंड गंजलं की आतला ऑक्सिजन निम्म्यावर येतो. नांगराची साखळी ठेवतात त्या कोठीत तर ओल्या लोखंडाचा ढीगच पडलेला असतो.

आणि कळत काहीच नाही. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती हीच गोष्ट. आपल्याला वाटतं की ऑक्सिजन कमी झाला की जीव गुदमरेल, आपण धडपडून बाहेर पळू. शरीराची रचना तशी नाही. गुदमरल्याची भावना येते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. पेवात तो भरपूर असतो, त्यामुळे उतरणाऱ्याला निदान धाप तरी लागते. गंजलेल्या टाकीत तो वाढलेलाच नसतो. माणूस नेहमीसारखा श्वास घेतो, नेहमीसारखा सोडतो, छातीवर कसलाही भार नाही. ऑक्सिजन जवळपास नसलेल्या हवेत तर प्रत्येक श्वास उलटं काम करतो. रक्तातला उरलासुरला ऑक्सिजन फुप्फुसात येतो आणि उच्छ्वासाबरोबर बाहेर जातो. श्वास रोखून धरलेला माणूस मिनिटभर शुद्धीत राहू शकतो, पण असा श्वास घेणारा काही सेकंदांत कोसळतो. शिडीवर असेल तर खाली पडतो.

तेलवाहू जहाजांत आणि सांडपाण्याच्या टाक्यांत आणखी एक वैरी असतो, हायड्रोजन सल्फाइड. थोडा असताना नासक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून माणूस पुढे पाऊल टाकतो. आपल्या गल्लीतल्या ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरणाऱ्या कामगारांचा जीव घेणारा वायू हाच. तिथेही उतरणाऱ्याच्या हातात मीटर असायलाच हवा आणि तो नसतो, याचा मला संताप येतो.

जहाजावर आता कंदील नाही, मीटर आहे. १ जुलै २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्रत्येक मालवाहू जहाजावर हवा तपासणारं, हातात धरता येईल असं यंत्र सक्तीचं झालं. पंख्याने टाकीत ताजी हवा सोडायची, मग वर, मध्ये आणि तळाशी अशी वेगवेगळ्या उंचीवर मोजणी करायची, कागदावर सह्या करायच्या आणि मगच उतरायचं. भाच्याने मोबाइलवर मला एका मॅनहोलचा फोटो दाखवला. जेमतेम दोन फुटांचं तोंड, कडेला गंजाची लाल भुकटी, आत काळोखात हरवत जाणारी शिडी. फोटोत त्याचा हात दिसत होता. हातमोज्यावर पिवळा मीटर, त्याच्या पडद्यावर २०.९. "हा आकडा दिसल्याशिवाय मी पाय टाकत नाही," तो म्हणाला. आजोबांच्या दोरीच्या टोकाशी आता हा आकडा आला आहे.

दुसरी लढाई उकाड्याशी. भाच्याची आई, माझी बहीण, सुरुवातीला निर्धास्त होती. सोलापूरच्या मे महिन्यात वाढलेल्या पोराला इंजिन रूमचं काय, असं तिला वाटायचं. पण ऊन आणि ऊन यात फरक असतो. आपल्याकडे पारा ४३ अंशांवर जातो तेव्हा हवा कोरडी ठणठणीत असते. घाम आला की लगेच वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जेवढी उष्णता नेतो, तेवढ्यात ३० अंशांचं सुमारे ८ लिटर पाणी उकळीला येईल. आपला साधा पाण्याचा कूलर सोलापुरात झकास चालतो आणि मुंबईत नुसता चिकचिकाट करतो, त्याचंही कारण हेच.

हे मोजायची सोपी रीत म्हणजे थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं. ४३ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्याचा पारा २५ अंशांच्या आसपास थांबतो. म्हणजे घामाला काम करायला भरपूर वाव आहे. आता पावसाळ्यात अरबी समुद्रातलं किंवा उन्हाळ्यात इराणच्या आखातातलं जहाज घ्या. इंजिन रूममध्ये ४५ अंश, आर्द्रता ४० टक्के. आकडा तसा घाबरवणारा नाही, पण ओल्या फडक्याचा पारा ३२ अंशांच्या वर जातो. तो ३५ अंशांना पोहोचला, तर सावलीत स्वस्थ बसलेल्या धडधाकट माणसाचं शरीरही स्वतःला थंड ठेवू शकत नाही. इथे तर माणूस जाड बॉयलर सूट घालून नटबोल्टचे पाने फिरवत असतो. त्यातही प्युरिफायर रूम सर्वांत वाईट. डांबरासारखं दाट इंधन पातळ व्हावं म्हणून तिथे ते जवळजवळ १०० अंशांपर्यंत तापवतात आणि भोवऱ्यासारखं फिरवून त्यातलं पाणी आणि गाळ वेगळा काढतात.

भाच्याचे आजोबा, म्हणजे माझे वडील, इथल्याच एका गिरणीत साचाखात्यात होते. सूत तुटू नये म्हणून तिथे हवेत मुद्दाम पाण्याचे फवारे मारून दमटपणा राखत. उन्हाळ्यात ते घरी यायचे तेव्हा सदरा पिळून दोरीवर टाकायचे. भर उन्हात खडी फोडणाऱ्याचा सदरा कोरडा आणि सावलीत काम करणाऱ्या माझ्या वडिलांचा ओलाचिंब, याचं मला लहानपणी मोठं कोडं होतं. जो घाम कपड्यात राहतो, तो अंग थंड करत नाही. हे समजलं की कोळशाच्या जहाजांवरच्या आगवाल्यांचं काय होत असेल याची कल्पना येते. त्या काळी भट्टीत फावड्याने कोळसा ओढणाऱ्यांना जहाजावर आगवाला म्हणत आणि ते काम करणारे बरेचसे आपल्याच देशाचे होते.

तिसरी हवा पाणबुड्यांची, म्हणजे खोल पाण्यात बुडी मारून काम करणाऱ्या माणसांची. मुंबई हाय हे तेलक्षेत्र १९७४ साली सापडलं. तिथे समुद्र ७५-८० मीटर खोल आहे आणि तळाशी पाइपांचं जाळं. ते दुरुस्त करायला काही ठिकाणी माणसालाच उतरावं लागतं. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो, म्हणजे ८० मीटरवर नऊपट. त्या दाबाखाली श्वासातला वायू रक्तात, चरबीत विरघळत राहतो. झटकन वर आलं तर गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर जे होतं तेच अंगात होतं. बुडबुडे सांध्यांत, मणक्यात, मेंदूत अडकतात.

म्हणून हे लोक दाबातच राहतात. जहाजावरच्या एका बंद पोलादी खोलीत तळाइतकाच दाब ठेवलेला असतो. जेवण, झोप, अंघोळ सगळं तिथेच, कधी कधी सलग २८ दिवसांपर्यंत. कामाला जाताना घंटेच्या आकाराच्या कुपीत बसून खाली जायचं आणि पुन्हा त्याच खोलीत परतायचं. इतक्या दाबाखाली नायट्रोजन दारूसारखा चढतो, म्हणून श्वासात त्याच्या जागी हेलियम. हेलियमने आवाज बदकासारखा होतो आणि अंगातली ऊब तो भराभर काढून घेतो, त्यामुळे पोशाखात वरून नळीने सतत गरम पाणी खेळवावं लागतं. काम संपल्यावर दाब उतरवायला साधारण ४ दिवस लागतात. सोलापूरचा माणूस रात्रीच्या गाडीने बसून सकाळी मुंबईत उतरतो, आणि हा जहाजावर, स्वतःच्या सहकाऱ्यांपासून एका भिंतीच्या अंतरावर, ४ दिवस बसून असतो. त्याच्या घरी काही बरंवाईट झालं तरी दार उघडता येत नाही.

इतकं खोल जायचीही गरज नाही. मे २०२४ मध्ये उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशी मार्गावरची बोट वादळात उलटून सहा जणांचा जीव गेला, तेव्हा एनडीआरएफचे जवान शोधाला उतरले होते. धरणाच्या गढूळ पाण्यात बॅटरीचा उजेड गाळाच्या कणांवर आपटून परत येतो. तिथे डोळ्यांचं काम हातांनाच करावं लागतं.

पाण्याशीच थेट गाठ असलेलं एक काम मात्र सांगायला हवं, बंदराच्या पायलटचं, म्हणजे येणाऱ्या जहाजावर चढून त्याला बंदरात वाट दाखवणाऱ्याचं. चालत्या बोटीतून चालत्या जहाजाच्या कुशीला लोंबणारी दोराची शिडी पकडायची. बोट लाटेच्या माथ्यावर असतानाच पाय शिडीवर टाकायचा. खाली जाताना टाकला, तर पुढच्या लाटेबरोबर वर येणारी बोट पाय चिरडू शकते. नियमाने ही शिडी ९ मीटरपर्यंतच चढायची, जहाज त्याहून उंच असेल तर वर जिना जोडून देतात.

पुन्हा टाकीकडे येतो, कारण भाच्याने सगळ्यात शेवटी सांगितलेली गोष्ट मला अजून सोडत नाही. टाकीत माणूस उतरतो तेव्हा मॅनहोलपाशी एक जण नुसता उभा असतो. हातात वॉकी-टॉकी, वहीत उतरल्याची वेळ आणि थोड्या थोड्या वेळाने एकच प्रश्न: ठीक आहे ना? बंद जागांतल्या अपघातांत मरणाऱ्यांमध्ये पहिल्याला वाचवायला धावलेले खूप असतात. मित्र खाली पडलेला दिसतो, हाक मारली तर उत्तर येत नाही, माणूस मागचा-पुढचा विचार न करता उतरतो आणि त्याच हवेत त्याच्या शेजारी पडतो. म्हणून २०१५ पासून दर दोन महिन्यांनी जहाजावर याची तालीम होते. आत एक पुतळा टाकतात. वरच्याने गजर द्यायचा आणि जागेवरून हलायचं नाही. श्वासयंत्र बांधलेले दोघे येतील, पाठीवरचा सिलिंडर सांभाळत अंग तिरकं करून तोंडातून शिरतील, पुतळ्याला पट्टे बांधतील आणि वर खेचतील.

"पहिल्या तालमीला मी वर उभा होतो," भाचा म्हणाला. "आत पुतळा आहे हे मला माहीत होतं मामा. तरी ते दोघं येईपर्यंत मी दोन्ही हातांनी रेलिंग घट्ट धरून ठेवलं होतं."