अणुवीज आणि कोळशाची वीज

कोळसा व युरेनियम यांपासून होणाऱ्या वीजनिर्मितीची खर्च, धोका आणि कचरा या अंगांनी केली जाणारी तुलना. दोन्ही केंद्रांचा उत्तरार्ध सारखाच असतो: पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरते, जनित्र वीज देते. फरक उष्णतेच्या उगमात आहे. कार्बनचा एक अणू जळताना जेमतेम ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरील ऊर्जेचे अतिसूक्ष्म एकक) ऊर्जा मिळते; युरेनियम-२३५चे एक केंद्रक फुटले की सुमारे २० कोटी. म्हणून १,००० मेगावॉटच्या केंद्राला वर्षाकाठी कोळसा ३० लाख टनांच्या आसपास लागतो, समृद्ध (युरेनियम-२३५चे प्रमाण वाढवलेल्या) युरेनियमचे इंधन २५ ते ३० टन. (खाणीतून उपसावे लागणारे खनिज या दुसऱ्या आकड्यात धरलेले नसते.)

तुलनेचा खरा पेच कचऱ्यापाशी आहे. कोळशाचा कचरा विखुरतो. कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, पारा आणि सूक्ष्म कण धुराड्यातून हवेत जातात, उरलेली राख तळ्यांत साठते. या राखेत युरेनियम व थोरियमही अल्प प्रमाणात असते. सुरळीत चाललेल्या अणुकेंद्राच्या तुलनेत कोळसा केंद्राच्या परिसरात किरणोत्साराची मात्रा तितकीच किंवा जास्त असू शकते, असे अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेच्या संशोधकांनी १९७८ साली दाखवले. हा निष्कर्ष फार ताणून सांगितला जातो. मुळात दोन्ही मात्रा क्षुल्लक आहेत आणि वापरलेले इंधन त्या हिशेबात नव्हते. ते इंधन थोडे व बंदिस्त असते, पण त्यातील प्लुटोनियम-२३९चे अर्धायुष्य (किरणोत्सारी द्रव्य निम्मे होण्याचा काळ) सुमारे २४,१०० वर्षे आहे. ते कायमचे पुरण्यासाठी फिनलंडने ओंकालो येथे ४०० मीटरहून खोल खडकात बोगदे खोदले.

अणुभट्टी बंद केली तरी थंड होत नाही. विखंडन (केंद्रके फुटणे) थांबताच मूळ उष्णतेच्या ६ ते ७ टक्के उष्णता निघत राहते, मग हळूहळू ओसरते. २०११ साली फुकुशिमात त्सुनामीने शीतकरणाची वीज तोडली आणि गाभे वितळले. चेर्नोबिल (१९८६) व फुकुशिमा जगाच्या लक्षात राहिले. कोळशाच्या धुराने होणारे मृत्यू दर युनिट विजेमागे कितीतरी अधिक असूनही त्यांना तारीख नसते.

अणुकेंद्राचा बहुतेक खर्च वीज सुरू होण्याआधीच होतो, त्यामुळे विलंब महागात पडतो. फिनलंडच्या ओल्किलुओतो-३ या अणुभट्टीचे बांधकाम २००५ साली सुरू झाले, नियमित उत्पादन २०२३ साली. त्याच वर्षी १५ एप्रिलला जर्मनीने शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या. कोळशाची केंद्रे चालूच राहिली.